यंत्र ‘ही ही’ करून हसलं

१

विणकामाच्या त्या कारखान्यात चोरी झाली. गेलं काय, तर एक कपडा, आणि तो अजून विणलाच गेला नव्हता.

दुभाषेकाकांनी हे दारातच ऐकलं आणि त्यांच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं. कोर्टात दुभाष्याचं काम करून ते केव्हाच निवृत्त झाले होते. खून, दरोडे, भाऊबंदकी, सगळं त्यांच्या जिभेवरून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलेलं. पण न विणलेल्या कपड्याची चोरी त्यांच्याही आयुष्यात पहिलीच. आयुष्य तसं मोठं होतं, आणि काका सांगायला बसले की आणखी मोठं व्हायचं. एका खटल्यात म्हणे त्यांनी आरोपीच्या जांभईचंसुद्धा भाषांतर केलं आणि न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतलं. दुसऱ्या एका खटल्यात साक्षीदार मुका होता, तरी काकांनी त्याला दोनदा व्याकरणात पकडला.

“भावजी, आत या,” वहिनी म्हणाल्या. “आणि आत आलात की आधी तिला विचारा, चहा घेणार का.”

“ती” म्हणजे सून. ती तिथेच, वहिनींपासून हातभर अंतरावर, लोकरीचे गुंडे रचत उभी होती.

काकांनी मान वळवली. “सूनबाई, चहा घेणार का?”

“काका, त्यांना सांगा, मला नको. संध्याकाळच्या गाडीनं मी माहेरी जातेय. गाडीत चहा मिळतो.”

“वहिनी, ती म्हणते...”

“ऐकलं मी. तिला म्हणावं, जाताना दिवे लागायच्या आत जा. आणि जे पुसलंस ते कुठे ठेवलंस तेवढं सांगून जा.”

काकांनी हेही भाषांतर केलं. मराठीतून मराठीत भाषांतर करायची वेळ त्यांच्यावर कोर्टातही आली नव्हती, आणि फी तर इथे मुळीच नव्हती. कोपऱ्यात मुलगा उभा होता, म्हणजे वहिनींचा मुलगा आणि सूनबाईचा नवरा. तो खिडकीबाहेर असं काही बघत होता, जणू बाहेर कोणीतरी त्याला सोडवायला येणार आहे.

सुनेची बॅग जिन्याशी भरून ठेवलेली होती. काकांनी ती बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं, ही गंमत नव्हे. ही बॅग एकदा दाराबाहेर पडली असती तर परत आत आली नसती.

२

कारखाना म्हणजे खालचा एक लांबट हॉल. वर बिऱ्हाड, खाली यंत्र. यंत्राला शेकडो सुया, आणि त्यांच्यावरून एक गाडी खर्र-खट, खर्र-खट अशी इकडून तिकडे पळायची. ती गाडी कुठे कोणता रंग घेईल, कुठे सुलट टाका घालील आणि कुठे उलट, हे एक जुना प्रोग्रॅम तिला सांगायचा. तो प्रोग्रॅम मास्तरांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, स्वतः लिहिला होता.

मास्तर मूळचे गणिताचे. शाळा सोडून विणकामात शिरले तेव्हा लोक हसले. मास्तर म्हणाले, स्वेटर म्हणजे चौकटीच्या वहीतलं गणित, फक्त अंगात घालता येतं. तेव्हाचा कॉम्प्युटर काळ्या पडद्याचा, हिरव्या अक्षरांचा. चालू केला की आधी घसा खाकरायचा, मग फ्लॉपीची चकती कुरकुरत फिरायची, आणि तापलेल्या धुळीचा एक वास यायचा. तो वास आजही कुठे आला तर काकांना मास्तर आठवायचे: कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर घालून, एका बोटानं टंकत, “थांब रे, ही ओळ होऊ दे,” म्हणणारे. काका गप्पा मारायला यायचे, आणि मास्तर ओळी मोजायचे. दोघांचं मैत्र त्यामुळेच टिकलं. एकानं बोलायचं नि दुसऱ्यानं ऐकायचं नाही.

गेल्या थंडीत मास्तर गेले. जुना कॉम्प्युटर त्यांच्या मागोमाग महिन्याभरात मधेमधे बंद पडायला लागला. नवा घेतला तो निराळ्या घराण्याचा. त्याची रीत वेगळी, पोटातली व्यवस्था वेगळी, मास्तरांच्या प्रोग्रॅमचा त्याला एक शब्द कळेना. मग सुनेनं मध्ये एक दुसरा प्रोग्रॅम बसवला. त्याचं काम एकच. जुना प्रोग्रॅम जे मागेल ते नव्या कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत सांगायचं, आणि तो जे देईल ते जुन्याला त्याच्या भाषेत द्यायचं. जुन्या प्रोग्रॅमला वाटत राहायचं आपण आपल्याच घरात आहोत.

“म्हणजे दुभाष्या,” काका म्हणाले.

“दुभाष्याच,” सून म्हणाली. “तुमच्यावरूनच मी त्याला हे नाव ठेवलंय.”

काकांना अभिमान वाटला, आणि लगेच थोडा मत्सरही. हा दुभाष्या पाणी न पिता काम करत होता.

“आता नक्षी दाखवा,” ते म्हणाले.

मास्तरांनी शेवटचं वर्षभर एक नक्षी काढली होती. कोणाला दाखवली नाही. विचारलं की म्हणायचे, “हिच्यासाठी आहे. हिच्याआधी कोणी बघायची नाही.” आयुष्यभर त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नाही; ही, हिला, हिचं. नक्षीलाही त्यांनी तेच नाव दिलं. इंग्रजी अक्षरांत, पण आपलंच: HEE.

वहिनींनी धीर गोळा करून, वर्षश्राद्धाची वाट न बघता, ती बघायचं ठरवलं. सगळ्यांना बाहेर काढून एकट्या बसल्या. पडद्यावर खाली बोटभर काठाची पट्टी होती. वर सगळं कोरं.

“आणि ते एवढ्यावर थांबलं नाही, भावजी,” वहिनींचा आवाज चिरला. “त्या यादीत बघा. तिनं मला काय लिहून ठेवलंय ते बघा.”

काकांनी चष्मा पुसला. पडद्यावर नक्ष्यांची यादी होती: चटई, मोरपीस, बदक, सगळी नावं मोठ्या इंग्रजी अक्षरांत. आणि तळाशी, एकाखाली एक,

HEE
HEE

“ही ही,” काकांनी मोठ्यानं वाचलं.

“हसतंय ते मला!” वहिनी म्हणाल्या.

३

उसवमावशी म्हणजे कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. यंत्रानं बिघडवलेलं सगळं तीच उसवायची, म्हणून ते नाव. माणसांचंही उसवायची, फुकट.

“मी त्या कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसले होते,” तिनं विचारायच्या आतच सांगून टाकलं. “उगाच दुसऱ्याकडून कळायला नको.”

“कशाला बसलात?”

“पत्ते खेळायला. त्याच्यात पत्ते असतात. जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गेले की मी एक डाव टाकते. मास्तरांनीच शिकवलं होतं जुन्यावर. आता काय फाशी देता?”

“नक्षी उघडलीत?”

“मला पत्त्यांपलीकडे त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि ऐका दुभाषेकाका, त्या पोरीनं काही केलेलं नाही. मी आजवर हजार स्वेटर उसवले असतील. उसवलेली लोकर कुरळी राहते, सरळ होत नाही. माणसाचंही तसंच. खोटं बोललेलं माणूस सरळ उभं राहत नाही. ती बघा कशी ताठ उभीये.”

“आणि ताठ नसलेलं कोण आहे?”

मावशीनं खिडकीकडे बघितलं. तिथे कोण उभं होतं ते काकांना मघाशीच दिसलं होतं, पण त्यांनी चेहरा कोरा ठेवला. साक्षीदाराला आपलं कुतूहल कळू द्यायचं नसतं.

मग त्यांनी सुनेला मागच्या खोलीत, लोकरीच्या पोत्यांमध्ये बसवलं.

“मी जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं एका तारेनं उतरवून घेतलं,” ती म्हणाली. “नव्यात टाकलं. नीट आलं का बघायला प्रत्येक नक्षी एकदा उघडली. ‘ही’सुद्धा.”

“बघितलीस?”

“नाही! बाबांनी सांगितलं होतं ना. पडदा भरलेला दिसला, तेवढ्यात डोळे मिटले आणि चाचपडत बंद केली. भरलेला होता, काका. खालपासून वरपर्यंत. शपथ घ्यायला लावू नका.”

“आणि यादीत नाव किती वेळा होतं तेव्हा?”

ती थबकली. “एकदा.”

“दोनदा केव्हापासून दिसायला लागलं?”

“मागच्या आठवड्यात कधीतरी. मला वाटलं दुभाष्या अडखळतोय. तोतरा झालाय. कुठल्याही ‘ही’वर बोट ठेवलं तरी तोच नुसता काठ उघडतो. मी त्यांना सांगणार होते, पण त्याआधीच त्या बसल्या आणि...” तिचे डोळे भरले. “काका, मी त्यांना हसेन? बाबांच्या नक्षीवरून?”

“मूळ कॉम्प्युटर कुठे आहे?”

“भंगारात गेला. यांनीच दिला.”

बाहेर घड्याळाचे टोले पडले. सुनेनं जिन्याकडे, बॅगेकडे बघितलं.

४

मुलगा बोलायला तयार नव्हता. काकांनी त्याला आधी मास्तरांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, त्यातल्या निम्म्या खऱ्या. मास्तरांनी एकदा गावच्या नळाच्या गळतीचं गणित मांडून त्याचा मफलर कसा विणला, ही त्यातली खोटी. मुलगा हसला. हसलेला साक्षीदार अर्धा फुटलेला असतो.

“तुला काय वाटतं, काय झालं असेल?”

“काही नाही हो काका. बाबांनी सुरुवातच केली असेल फक्त. नुसता काठ. पूर्ण झालीच नसेल. आईच्या मनानं उगाच घेतलं.”

“पण सूनबाई म्हणते भरलेला पडदा बघितला.”

“डोळे मिटून बघितला ना?” तो म्हणाला आणि एकदम गप्प झाला. मग घाईनं, “ती खोटं बोलत नाहीये. चुकलं असेल काहीतरी. तिनंही सगळं उतरवून घेतलं होतं, धांदलीत एखादं राहतं. आईला म्हणावं जाऊ दे, विषय बंद कर. मी त्या नव्या कॉम्प्युटरला हातसुद्धा लावत नाही.”

काका उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बरं, बरं.”

दारापर्यंत गेले आणि तिथेच खांबाला टेकून उभे राहिले. त्यांच्या कानात एक बारीकसा शब्द अडकला होता, दातात बडीशेपेचा दाणा अडकावा तसा. कोर्टात सारी हयात त्यांनी असेच दाणे कोरून काढले होते. वकील मोठ्या शब्दांच्या मागे धावायचे. काका शेपटांकडे बघायचे. पण, तर, सुद्धा, च.

“वहिनी!” त्यांनी हाक मारली. “सगळ्यांना कॉम्प्युटरपाशी बोलवा. आणि सूनबाईला सांगा, गाडीला वेळ आहे.”

“तुम्हीच सांगा,” वहिनी म्हणाल्या.

५

सगळे जमले. उसवमावशी मोडा ओढून पुढेच बसली.

“आधी नक्षीचं,” काका म्हणाले. “पुसली, पुसली म्हणता. मावशी, तुम्ही उसवता ते कुठून सुरू करता?”

“वरून. शेवटचा टाका सोडवायचा नि ओढत जायचं.”

“आणि काठ आला की थांबता?”

“थांबायला वेड लागलंय? सगळंच सोडवते.”

“मग चोर काठापाशी नेमका का थांबला? तर तो थांबलेला नाही. हे उसवलेलं नव्हे. हे अजून विणायचंय. मास्तर काठापासून सुरुवात करायचे. हा पडदा त्यांनी नक्षी नुकतीच हातात घेतली होती त्या दिवसांतला आहे.”

वहिनी पुढे आल्या. “पण तो इथे कसा?”

“कोणीतरी त्या दिवसांत उतरवून ठेवला होता. आणि मागच्या आठवड्यात इथे आणून टाकला. सूनबाईनं एकदाच उतरवलं, शेवटी. मग आधी कोणी?” काका वळले. “मघाशी मला एकजण म्हणाला, ‘तिनंही उतरवून घेतलं होतं.’ तिनं नव्हे. तिनंही. अरे बाबा, हा ‘ही’ कशाला आला? तिच्या आधी दुसऱ्या कोणी उतरवलं असेल तरच हा ‘ही’ लागतो. यादीत एक ‘ही’ जास्त, आणि तुझ्या बोलण्यातही एक ‘ही’ जास्त.”

मुलाचा चेहरा धुतल्या पाटीसारखा झाला.

“बाबा पहिल्यांदा आजारी पडले तेव्हा,” तो खाली बघत म्हणाला. “घाबरलो होतो. फ्लॉपीवर एक प्रत काढून ठेवली. मग मागच्या आठवड्यात... हिनं सगळं नीट आणलंय की नाही, मला खात्री नव्हती. फ्लॉपी वाचायची डबी उसनी आणली आणि माझी प्रत त्याच जागी टाकली. तिथे आधीची असेल तर कॉम्प्युटर विचारतो ना, ‘आहे, बदलू का?’ मी ‘नको’ म्हणणार होतो. पण त्यानं विचारलंच नाही. म्हणजे आधीची नव्हतीच. म्हणजे हिच्याकडून राहून गेली होती. आणि तोवर जुनं भंगारात. मी दिलेलं.”

“आणि गप्प बसलास,” वहिनी म्हणाल्या.

“बोललो असतो तर हिच्यावरच आलं असतं ना, आई.”

सून इतका वेळ भिंतीला टेकून होती. आता ती पुढे आली.

“तुम्हाला माझी खात्री नव्हती,” ती नवऱ्याला म्हणाली. भाषांतर करावं लागेल असं त्यात काही नव्हतं.

“पण खरंच राहिली होती ना गं...”

“थांबा!” काका म्हणाले. “सूनबाई, रागव, पण नंतर. आधी सांग, जुना कॉम्प्युटर नावं कशी लिहायचा?”

“सगळी मोठ्या अक्षरांत.”

“तू उतरवलीस ती?”

“तारेतून येताना ती लहान अक्षरांत आली. पण जुन्याला त्याचं काही नसतं, मोठं काय, लहान काय, त्याला ते एकच.”

“आणि नव्याला?”

सुनेनं तोंडावर हात घेतला.

“वहिनी,” काका म्हणाले, “एका खटल्यात एक परका साक्षीदार आला. म्हणाला, दागिने अंकलनी नेले. त्याच्या भाषेत काका अंकल, मामा अंकल, मावशीचा नवराही अंकल. आपल्याकडे प्रत्येकाची गादी वेगळी. न्यायाधीश म्हणाले, अंकलला बोलवा. मी बाहेर गेलो. बाकावर दोघे बसलेले, काका आणि मामा. मला एकच न्यायचा होता. मामा दाराजवळ होता, मामाला नेला. काका बिचारा संध्याकाळपर्यंत बाकावर. तो पळाला नव्हता, कोणी त्याला मारलाही नव्हता. त्याला कोणी आत बोलावलंच नाही.”

“मग?”

“मग काय, मामानं दागिन्यांची कबुली दिली. ते जाऊ द्या. तुमचा नवा कॉम्प्युटर आपल्यासारखा आहे. मोठ्या अक्षरांतली, फ्लॉपीवरची ही निराळी; लहान अक्षरांतली, तारेतून आलेली ही निराळी. म्हणून त्यानं याला ‘बदलू का’ विचारलं नाही. दोघी शेजारीशेजारी राहिल्या. जुना प्रोग्रॅम आतून ओरडतो, ‘हीला पाठवा!’ मोठ्या अक्षरांत. दुभाष्या बाहेर येतो, मोठ्या अक्षरांतली दाराजवळच, तिला घेऊन जातो. यादी वाचताना मात्र प्रामाणिकपणे दोघींची नावं घेतो. ही. ही. कोणी हसत नव्हतं, वहिनी. हजेरी चालली होती.”

सून खुर्चीत बसली. जुना प्रोग्रॅम बंद केला, नव्या कॉम्प्युटरची स्वतःची खिडकी उघडली. तिथे एकाशेजारी एक दोन चित्रं होती, खाली नावं, एक मोठ्या अक्षरांत आणि एक लहान. लहान अक्षरांतल्या चित्राचं वजन, म्हणजे आतला ऐवज, दुसऱ्याच्या कितीतरी पट होता.

“बाकावरचा काका,” उसवमावशी म्हणाली.

६

नवऱ्याची प्रत सुनेनं बाजूला काढून ठेवली, पुसली नाही. एवढा पोक्तपणा काकांनी मनात टिपून घेतला. मग मास्तरांचा प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. यादीत आता एकच नाव होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि खुर्ची सोडून बाजूला झाली. “काका, त्यांना सांगा, आधी त्यांनी बघायचं.”

वहिनी बसल्या. पडदा खालपासून वरपर्यंत भरला.

त्या पुढे वाकल्या. मग वहिनी म्हणाल्या, “सगळे बघा.”

काकांनी बघितलं, आणि मग जवळ जाऊन पुन्हा बघितलं.

तो एक स्वेटर होता. पण कसला! डावी बाही उजवीपेक्षा लांब. गळा एका खांद्याकडे सरकलेला. छातीवर बदकांची रांग, सगळी बदकं एका दिशेला चाललेली आणि मधलंच एक उलट्या तोंडाचं. एका जागी तर भोक, टाका सुटल्यासारखं. मास्तरांच्या हातून असं? ज्या माणसानं आयुष्यात बेरीज चुकू दिली नाही?

“बिघडली,” मुलगा पुटपुटला. “येताना बिघडली.”

“माझ्या दुभाष्यानं...” सुनेचा आवाज बसला. “मी अशी नव्हती आणली. म्हणजे, मी बघितलीच नव्हती.”

काकांचं डोकं भराभर चाललं. दुभाष्या चुकतो तेव्हा तो एका पद्धतीनं चुकतो. ज्याला ‘र’ म्हणता येत नाही तो प्रत्येक ‘र’ला अडतो. इथे एक बाही लांब, एकच बदक उलटं, एकच टाका सुटलेला. या चुकांना काही रीत नव्हती. यंत्राला असं चुकता येत नाही. पण मग चुकलं कोण? हे काही केल्या त्यांना सुटेना. इतकं रंगवून सगळं उलगडलं, आणि शेवटी हातात हे. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. गाडीची वेळ जवळ आली होती.

वहिनींचे खांदे हलत होते. काकांना वाटलं, रडताहेत. पुढे वाकून बघतात तर वहिनी हसत होत्या. रडतही होत्या, पण ते मागाहून लक्षात आलं.

“हे बदक,” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “भावजी, हे बदक मी विणत होते तेव्हा हे पहिल्यांदा आमच्या दारात आले. छत्री विसरली म्हणाले. यांनी छत्री आणलीच नव्हती, आकाश स्वच्छ होतं. मी मान वर केली आणि बदक फिरलं.”

मुलगा पडद्याजवळ सरकला.

“मी यांच्यासाठी विणलेला पहिला स्वेटर आहे हा. गळा वाकडा झाला म्हणून आई ओरडली. डावी बाही मी धाकट्या भावाच्या हातावर मोजली होती, त्यानं मुद्दाम हात ताणला. यांनी तो घातला, घातला, पार विरेपर्यंत घातला. मग कसर लागली, आणि मी एक दिवस न सांगता टाकून दिला.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “एक शब्द बोलले नाहीत तेव्हा. मला वाटलं, लक्षातच आलं नसेल.”

ओळीन् ओळ, टाक्यान् टाका, एका माणसानं सगळ्या चुका पाठ ठेवल्या होत्या. काकांनी चष्मा काढला. धूळ फार होती त्या हॉलमध्ये.

७

यंत्रात लोकर भरली. सून खुर्चीवर बसली, कारण दुसऱ्या कोणाला ते चालवता येत नव्हतं. वहिनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या, लोकरीची कपाटं उगाच उघडत-लावत. सुनेशी त्या अजून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सुनेचीही मान वर नव्हती. मुलगा दोघींच्या मध्ये कुठे उभं राहावं ते न कळून जिन्याशी, बॅगेजवळ जाऊन थांबला.

“तुमच्याशी मी सावकाशीनं भांडणार आहे,” सून त्याच्याकडे न बघता म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. त्याला त्यातल्या त्यात बरं वाटलेलं दिसलं.

खर्र-खट. खर्र-खट. काठ झाला. बदकं पायांपासून उगवायला लागली. काका मोड्यावर बसून ऐकत होते. जुन्या यंत्राचा तोच ताल, आणि त्यांना क्षणभर वाटलं, आता “थांब रे, ही ओळ होऊ दे,” असं कोणीतरी म्हणेल.

यंत्र थांबलं.

“अडकलं?” मुलानं विचारलं.

“नाही. प्रोग्रॅमनंच थांबवलंय.” सून पडद्याकडे वाकली. मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या भाषेत एक ओळ उमटली होती. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि काकांकडे बघितलं. काका उठून आले आणि त्यांनीही वाचली.

HILA HAAK MAAR.

हिला हाक मार.

कशासाठी, ते सुनेला कळलं. पुढचा टाका तो सुटलेला टाका होता. यंत्राला टाका घालता येतो, मुद्दाम सोडता येत नाही. ती चूक हातानंच करायला लागणार होती, आणि ती कशी करायची हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. मास्तरांनी ही ओळ स्वतःसाठी लिहिली असणार. पण खुर्चीवर आता सून होती, आणि ओळ खुर्चीवरच्याला सांगत होती.

काकांनी घसा साफ केला. सवयीनं त्यांची मान वहिनींकडे वळली, जीभ टाळूला लागली, “वहिनी, ती म्हणते...” एवढं तयारही झालं. मग त्यांनी तोंड मिटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मिटलं असेल. हाक मारायचं काम दुभाष्याला सांगितलेलं नव्हतं.

हॉलमध्ये कपाटाच्या दाराचा आवाज तेवढा होता. मग तोही थांबला.

सुनेनं पडद्यावरच्या ओळीकडे आणखी एकदा बघितलं. ओठ ओले केले.

“आई,” तिनं हाक मारली, “इकडे या. तुमची चूक आलीय.”

“आले,” वहिनी म्हणाल्या. “तू तशीच बस. उठू नकोस.”